वाचकांचे प्रश्न : हातापायांच्या मुंग्या आणि ‘करंटची तपासणी’

गेल्या अंकात हातापायांना येणाऱ्या मुंग्यांवर लिहिलं होतं आणि प्रश्न मागवले होते. पत्रं बरीच आली, आणि त्यातली बहुतेक एकाच तपासणीभोवती फिरत होती: नर्व्ह कंडक्शन, म्हणजे नस निरोप किती वेगाने नेते ते करंट देऊन मोजणं. रिपोर्टवर एनसीव्ही किंवा एनसीएस, आणि आमच्या नौपाड्यातल्या पेशंटांच्या तोंडी ‘करंटची तपासणी’. माझा सगळा दिवस त्याच मशीनपाशी जातो, तेव्हा या वेळचं सदर त्यालाच. पत्रं थोडक्यात छापली आहेत. ज्यांनी नुसता रिपोर्टचा फोटो पाठवून ‘काय निघालं सांगा’ म्हटलंय त्यांना उत्तर नाही, राग नसावा. माणूस न पाहता नुसते आकडे वाचणं मला जमत नाही, आणि ज्यांना जमतं त्यांच्याकडे तुम्हीही जाऊ नका.

प्रश्न : माझं ऐरोलीत पोळीभाजी केंद्र आहे. पहाटेपासून पोळ्या लाटते. दिवाळीपासून उजवा हात रात्री झोपेत बधिर होतो, जाग येते. उठून झटकला की बरं वाटतं. हाडांच्या डॉक्टरांनी मनगटात नस दबली असेल म्हणून एनसीव्ही लिहून दिली. पण शेजारणीला असंच होत होतं, तिच्या मानेच्या एमआरआयमध्ये मणक्यात गॅप निघाला. मीही आधी एमआरआय काढू का? आणि शॉक देतात म्हणे, फार दुखतं का?

उत्तर : ताई, हात बधिर होऊन जाग येणं आणि झटकल्यावर बरं वाटणं, एवढं ऐकलं की माझा संशय मनगटावरच जातो. तळहाताच्या सुरुवातीला हाडं आणि एक जाड पट्टा यांच्यामध्ये अरुंद जागा असते. तिथून बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा आणि मीडियन नावाची एक नस जाते. लाटणं दाबून मनगट तासन्‌तास चालवलं की कंडरांभोवतीचं आवरण सुजतं आणि जागा कमी पडते. कंडरा धडधाकट असतात, चिरडते ती नस.

आज रात्री जाग आली की एक काम करा. हात झटकण्याआधी, नक्की कोणती बोटं बधिर आहेत ते पाहा. अंगठा, पहिली दोन बोटं आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू असेल तर मीडियन. करंगळी आणि अनामिकेची दुसरी बाजू असेल तर ती अल्नर नस, आणि ती बहुतेक वेळा कोपरापाशी अडकते. ‘सगळाच हात बधिर होतो’ असं दहातल्या आठ बायका सांगतात, पण नीट पाहायला लावलं की करंगळी सुटलेली सापडते. पाहिलेलं कागदावर लिहून आणा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पुष्कळदा ‘एनसीव्ही, दोन्ही हात’ एवढंच असतं, आणि मग मला सगळी कहाणी पहिल्यापासून विचारावी लागते. काय शोधायचं हेच माहीत नसेल तर मशीन काहीच शोधत नाही.

एमआरआयची घाई नको. चाळिशीनंतर मानेचा एमआरआय काढला तर काहीही त्रास नसलेल्या माणसाच्या मणक्यातही थोडीफार झीज दिसतेच. एमआरआयमध्ये आकार दिसतो. तिथली नस काम करते की नाही, हे त्यातून कळत नाही. ते आमच्याकडे कळतं.

आता शॉकचं. तुम्ही पलंगावर आडव्या, तळहात वर. टेक्निशियन स्पिरिटने पुसून अंगठ्याच्या मुळाशी, त्या गुबगुबीत भागावर, एक छोटी पट्टी चिकटवते. मग मी मनगटावर दोन टोकांचं यंत्र टेकवून करंट देते. हा झटका सेकंदाच्या दहा हजार भागांपैकी एक-दोन भागच टिकतो. अंगठा आपोआप उडतो आणि पडद्यावर एक लाट उमटते. मग तेच कोपराच्या आतल्या बाजूला. तिथला झटका जरा जास्त लागतो, खोटं कशाला सांगू. दोन जागांमधलं अंतर मी साध्या शिवणकामाच्या टेपने मोजते, अंतराला वेळेतल्या फरकाने भागते, की नसेचा वेग मिळाला. हातात तो सेकंदाला ५० मीटरच्या वर असावा, पायात ४० च्या वर. पन्नास म्हणजे ताशी १८० किलोमीटर. ठाण्याहून सुटलेल्या कुठल्याही फास्ट लोकलला ते जमणार नाही. त्यानंतर बोटात गोल कडी अडकवून संवेदनेची लाट घेतो. ती इतकी लहान असते की खोलीतला एखादा चार्जर चालू राहिला तरी पडदा थरथरायला लागतो.

तुमच्या बाबतीत खरी गंमत अनामिकेत आहे. या एका बोटाला दोन नसा अर्ध्या-अर्ध्या वाटून मिळतात, अंगठ्याकडून मीडियन आणि करंगळीकडून अल्नर. आम्ही त्याच बोटावरून, मनगटापर्यंत तेवढंच अंतर ठेवून, दोन्ही नसांचा वेळ घेतो. माणूस तोच, बोट तेच, तापमान तेच, अंतर तेच, तरी मीडियन अर्ध्या मिलिसेकंदाने मागे राहिली तर ती कुठे अडते आहे हे सांगायला दुसरा पुरावा लागत नाही. सुरुवातीच्या दुखण्यात बाकीचे सगळे आकडे ‘नॉर्मल’ येतात आणि एकटी अनामिका बोलते. म्हणून लॅबमध्ये विचारा, ही तुलना करता का?

दुखणं सौम्य निघालं तर रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, आणि थायरॉइड व साखर एकदा बघून घ्यायची. मध्यम असेल तर इंजेक्शन देतात. पण अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा सपाट झालाय, बटण लावता येत नाही आणि स्नायूची लाटही बारीक झालीय, असं असेल तर पट्टा बांधून वाट पाहू नका, सर्जनला भेटा. केंद्र बंद करायला मी सांगणार नाही, मला माहीत आहे ते शक्य नाही. कणीक मळायला यंत्र घ्या आणि लाटायला एक बाई ठेवा.

प्रश्न : आम्ही कळव्याचे. वडील वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून निवृत्त झाले, साखर जुनी आहे. रात्री तळपायांची आग होते, गार लादीवर पाय ठेवून बसतात. एनसीव्ही केली, रिपोर्ट नॉर्मल आला. आता भाऊ म्हणतो बाबांच्या मनाचे खेळ आहेत. पैसे वाया गेले का?

उत्तर : पैसे वाया गेले नाहीत आणि बाबांचे मनाचे खेळही नाहीत. हे पत्र भावाला वाचून दाखवा.

एका नसेत हजारो तंतू असतात, काही जाड, काही बारीक. जाड तंतूंवर आवरण असतं आणि ते स्पर्श, कंप, पावलाचा अंदाज ही कामं वेगाने करतात. आग, दुखणं, गरम-गार हे बारीक तंतूंचं खातं. त्यातले सगळ्यात बारीक सेकंदाला मीटर-दोन मीटरच्या वेगाने रमतगमत निरोप नेतात. आमच्या तपासणीत फक्त जाड तंतूंची लाट दिसते. बारकांची इतकी क्षीण आणि विखुरलेली असते की ती पकडताच येत नाही. मधुमेहात पुष्कळदा आधी बारीकच बिघडतात. म्हणजे आग खरी, रिपोर्टही खरा. रिपोर्टचा अर्थ एवढाच की जाड तंतू अजून शाबूत आहेत, आणि ही चांगली बातमी आहे.

मग निदान कसं? जुन्याच पद्धतीने. टाचणीचं टोक आणि गार चमचा घेऊन डॉक्टर पायाच्या बोटांपासून वर तपासत येतात. कुठे फरक पडतो ती जागा कळते. त्वचेचा तीन मिलिमीटरचा तुकडा घेऊन त्यातले तंतू मोजण्याची बायोप्सी काही मोठ्या ठिकाणी होते, पण मधुमेह माहीत असताना तिची गरज सहसा पडत नाही. त्यापेक्षा तीन महिन्यांची साखर पाहा. आणि बाबा मेटफॉर्मिन घेत असतील तर बी१२ नक्की तपासा. ते औषध वर्षानुवर्षं घेतलं की बी१२ कमी होऊ शकतं, आणि मधुमेहाच्या नावावर खपलेल्या कितीतरी मुंग्या त्या कमतरतेच्या असतात. शाकाहारी घर असेल तर अजूनच. शिवाय हे कारण औषधाने भरून निघतं, म्हणून ते सुटता कामा नये.

आगीवर औषधं आहेत, वेदनाशामक गोळ्या नव्हेत, वेगळी. ती तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या. आणि बाबा सकाळच्या देवदर्शनाला चप्पल काढून मे महिन्यात तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालत असतील तर ती आधी थांबवा. गरम-गार कळणारे तंतू गेलेले असताना तळवा भाजला तरी कळत नाही, फोड आल्यावर कळतं. देव पहाटेही भेटतो.

बधिरपणा घोट्याच्या वर चढला किंवा अंधारात तोल जायला लागला तर तपासणी पुन्हा करा. त्याआधी दर सहा महिन्यांनी करून घेण्यात अर्थ नाही.

प्रश्न : वय २९, घोडबंदर रोडला राहते, आयटीत आहे. जुलैमध्ये हातांना मुंग्या येत होत्या म्हणून टेस्ट केली. रिपोर्टमध्ये ‘चारही हातापायांच्या नसांना सौम्य विकार’ असं आलं. रात्रभर इंटरनेटवर वाचून रडले. पंधरा दिवसांनी दुसरीकडे केली तर सगळं नॉर्मल. खरं काय मानायचं?

उत्तर : पत्रात पुढे तुम्ही लिहिलंय की पहिल्या दिवशी भर पावसात स्कूटीवरून गेलात आणि एसीच्या खोलीत कुडकुडत होतात. तुमचं उत्तर बहुधा त्याच ओळीत आहे.

नस गार झाली की सावकाश चालते. त्वचेचं तापमान एका अंशाने उतरलं की वेग सेकंदाला साधारण दोन मीटरने कमी होतो. हात ३२ अंशांच्या खाली आणि पाय ३० च्या खाली असतील तर घेतलेले आकडे भरवशाचे नाहीत. भिजून आलेल्या मुलीचे तळहात २७ वर असणं अगदी शक्य आहे. म्हणजे पाच अंशांचे दहा मीटर नुसत्या पावसाने खाल्ले. माझ्याकडे पावसाळ्यात पलंगाखाली घमेलं आणि गरम पाण्याचा थर्मास कायम असतो. पेशंटना वाटतं पेडिक्युअर आहे.

गारव्याची एक खूण असते. वेग कमी होतो, पण लाट मात्र उंच आणि पसरट येते. खऱ्या आजारात वेग कमी आणि लाट उंच, अशी जोडी सहसा जमत नाही. जाणत्या डोळ्याला ती खटकते. तुमच्या पहिल्या रिपोर्टवर तापमानाची ओळ आहे का ते पाहा. नसेल तर तो रिपोर्ट मी तरी बाजूला ठेवीन. ज्या रिपोर्टवर तापमान लिहिलेलं नाही तो मी एक भुवई वर करूनच वाचते, मग तो कितीही गुळगुळीत कागदावर छापलेला असो.

मुंग्या अजून येत असतील तर कोपर टेबलाच्या कडेवर टेकवून काम करता का, झोपताना मोबाइल कानाशी धरून हात तासभर दुमडलेला असतो का, हे बघा. करंगळीच्या मुंग्यांची सुरुवात पुष्कळदा तिथे असते.

प्रश्न : मी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माल निवडायचं काम करतो. उकिडवं बसून दिवस जातो. एका सकाळी उठलो तर डावं पाऊल वर उचलेना, चप्पल पायातून निसटते. तिसऱ्या दिवशी करंटची तपासणी केली. डॉक्टर म्हणाले आज अर्धंच कळेल, तीन आठवड्यांनी परत या, सुई घालून बघू. हा पैसे काढायचा धंदा तर नाही?

उत्तर : नाही, दादा. तुमचे डॉक्टर बरोबर बोलले.

गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, हाडाचं गोल टोक हाताला लागतं. त्याला वळसा घालून एक नस जाते, तीच पाऊल वर उचलते. तिथे ती कातडीच्या लगेच खाली असते. तासन्‌तास उकिडवं बसलं की ती तिथे दाबली जाते. अंगातलं वजन अलीकडे भराभर उतरलं असेल तर अजून सहज. भातलावणीनंतरही असे पाय येतात.

आता परत का बोलावलं ते सांगते. नस मधेच तुटली तरी तिचा खालचा तुकडा लगेच मरत नाही. आठवडाभर तो करंटला उत्तर देत राहतो, संवेदनेचा भाग तर दहा-अकरा दिवसही. म्हणून तिसऱ्या दिवशी गुडघ्याखाली करंट दिला तर लाट छान येते, गुडघ्याच्या वर दिला तर येत नाही. अडथळा कुठे आहे ते कळतं. आतले तंतू तुटलेत की नुसतं आवरण दबलंय, ते मात्र त्या दिवशी ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. तंतू तुटले असतील तर स्नायूत त्याच्या खुणा दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि त्या स्नायूत बारीक सुई घालूनच कळतात. नुसतं आवरण असेल तर काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत पाऊल उचलायला लागतं. तंतू तुटले असतील तर ते दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात, मग हिशेब महिन्यांचा.

ही कमरेची नस तर नाही ना, हे पण याच तपासणीत कळतं. पावलाच्या वरच्या बाजूची संवेदनेची लाट गेली असेल तर दोष गुडघ्यापाशी किंवा त्याच्या आसपास. लाट शाबूत आणि पाऊल लुळं असेल तर संशय कमरेवर जातो.

तोपर्यंत उकिडवं बसणं बंद, मांडीवर मांडी बंद. स्टूल घ्या. मागे पट्टा असलेली चप्पल घ्या, पावलाला आधार देणारा स्प्लिंट मिळतो तो वापरा. गुडघ्याच्या त्या जागेवर कोणालाही रगडू देऊ नका. मालीश करून दबलेली नस मोकळी होत नाही.

आणि एक गोष्ट विचारते, वाईट वाटून घेऊ नका. अंगावर कुठे फिकट किंवा लालसर चट्टा आहे का, जिथे चिमटा घेतला तरी कळत नाही? देशाने २००५च्या अखेरीस कुष्ठरोगाचं प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आणलं, म्हणजे तो गेला असं नाही. गुडघ्यापाशी आणि कोपरापाशी जाड झालेली नस मी अजूनही बोटांनी चाचपते आणि अधूनमधून सापडते. सरकारी आरोग्य केंद्रात औषध फुकट मिळतं आणि आजार पूर्ण बरा होतो. उशीर केला तर आजार जातो, पण गेलेली नस परत येईलच असं नाही.

प्रश्न : मी नववीत आहे, ठाण्यात राहते. नसेचा वेग पहिल्यांदा कोणी मोजला?

उत्तर : जर्मनीच्या हेर्मान फोन हेल्महोल्ट्झ यांनी, १८५० च्या सुमारास, बेडकाच्या पायावर. नसेला स्नायूच्या जवळ करंट दिला, मग लांब दिला, आणि स्नायू आकसायला किती उशीर लागतो त्याचा फरक घेतला. सेकंदाला तीसएक मीटर वेग निघाला. त्यांचे गुरू योहानेस म्युलर यांचं मत होतं की हा वेग मोजताच येणार नाही. वरच्या पहिल्या उत्तरातलं माझं टेपचं गणित बघ, तेच आहे. गुरूंचं ऐकायचं, पण मोजून बघायचं.

प्रश्न : नेरुळहून लिहिते. भाच्याचे पाय अचानक अशक्त झाले, दोन दिवसांत हातही. इस्पितळात तिसऱ्या दिवशी एनसीव्ही जवळजवळ नॉर्मल आली, तरी डॉक्टरांनी महागडी इंजेक्शनं सुरू केली. तपासणीत नसताना उपचार कसा?

उत्तर : तुमच्या वर्णनावरून त्यांना गियाँ-बारे हा नसांचा आजार वाटला असणार. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोडच्या भागात त्याचे रुग्ण एकदम वाढले तेव्हा हे नाव घराघरात पोचलं. त्या वेळी काही रुग्णांमध्ये कॅम्पिलोबॅक्टर हा पोटाचा जंतू सापडला होता. पोट बिघडतं, बरं होतं, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी शरीराची स्वतःची फौज नसांवर उलटते.

या आजारात पहिल्या आठवड्यात तपासणी साधी दिसू शकते, पाठीतून काढून तपासलेलं पाणीही. नसेच्या मुळापर्यंत जाऊन परत येणारी एफ लाट आधी बिघडते, तिच्याकडे आम्ही बारकाईने बघतो. पण अशक्तपणा वर चढतोय आणि गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नाही, एवढं दिसलं की डॉक्टर थांबत नाहीत, आणि थांबूही नये. श्वासाचे स्नायू त्याच रांगेत पुढे असतात. कोणाचाही अशक्तपणा दिवसागणिक वाढत असेल तर माझ्या लॅबची वेळ घेऊ नका, आधी इस्पितळात जा. मशीन मी तिथे घेऊन येते.

प्रश्न : सासूबाईंना पेसमेकर आहे, रक्त पातळ करायची गोळीही चालू आहे. करंट चालेल का? काही तयारी?

उत्तर : छातीत बसवलेल्या नेहमीच्या पेसमेकरला ही तपासणी चालते. आधी सांगा म्हणजे त्या बाजूच्या खांद्या-मानेजवळ करंट द्यायचं आम्ही टाळू. झटका देणारं मोठं यंत्र, म्हणजे आयसीडी असेल तर हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून या. गोळीचा करंटशी संबंध नाही, फक्त सुईच्या भागाशी आहे. ती स्वतःहून बंद करू नका, आम्हाला सांगा. उपाशी यायचं नाही. हातापायांना तेल, क्रीम, व्हॅसलीन नको, पट्ट्या निसटतात. बाह्या सैल हव्यात. बांगड्या काढाव्या लागत नाहीत, वर सरकवल्या की पुरे. अंगठ्या मात्र घरी ठेवून या, बोटात कडी घालावी लागते.